कवठातली कोंबडी

“घरात कोण आलंय?” अयोध्याबाईंनी दारातूनच विचारलं. पिशवी अजून हातात होती, एक पाय पायरीवर.

“कोण येणार आत्या? मीच आलेय काल नांदेडहून,” गीतांजली म्हणाली.

“तू न्हाई. तू माहेरवाशीण, तुला कोण मोजतंय? दुसरं कोण आलंय?”

अयोध्याबाईंच्या नाकाचा या घराण्यात दबदबा होता. भाकरीचा वास घेऊन ज्वारी कुणाच्या रानातली ते आमची बहीण सांगते, असं बालाजीआण्णा थट्टेनं म्हणायचे. पण आज देवणीहून दोन गाड्या बदलून औशाला आलेल्या त्या नाकाला जे कळलं, ते गीतांजलीलाही सकाळपासून कळत होतं. मागच्या परसातून गूळ कडेला लागल्याचा वास येत होता, आणि त्यात पिकल्या कवठाचा आंबूसपणा मिसळला होता. नागाबाईच्या कवठातल्या कोंबडीचा वास होता तो. आणि आण्णांची बायको नागाबाई गेल्या भादव्यातच गेली होती.

“स्वप्नाली करतेय,” गीतांजली म्हणाली. “व्यंकटनं फोनवर सांगितलं न्हाई का तुला?”

सांगितलं होतं. खरं म्हणजे त्या फोनमुळेच सगळे जमले होते. बायको गेल्यापासून आण्णांनी अन्न जवळजवळ टाकलंच होतं. डेपोच्या वर्कशॉपमध्ये जन्मभर एसटीच्या गाड्यांखाली लोळलेला धिप्पाड माणूस, त्याचा सदरा आता खुंटीवर अडकवल्यासारखा दिसायचा. दवाखाने झाले, देवऋषी झाला. आणि मग महाशिवरात्र झाल्यावर एका संध्याकाळी सुनेनं ताट पुढं ठेवलं आणि आण्णा दोन भाकरी जेवले. ताट बोटानं पुसून जेवले. त्यांच्या लेकानं, व्यंकटनं, आनंदानं आत्याला फोन लावला, बहिणीला लावला. त्याला रडू आवरत नव्हतं. काय जेवले हे त्यानं शेवटी सांगितलं, आणि दोन्ही फोनवर दोघींनी त्याला तेच पुन्हा सांगायला लावलं.

कारण स्वप्नाली उदगीरची, लिंगायताची पोर. व्यंकटशी तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं, घर बदललं, पण जिभेला मांसाचा कण कधी लागू दिला नव्हता. आणि नागाबाईनंही तो लागू दिला नव्हता. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तिनं आपला लोखंडी खोल तवा उचलून परसातल्या चुलीवर नेला होता आणि सांगितलं होतं, “ह्या चुलीकडं तू यायचं न्हाई. आमचं वशाट मी बघते, तू तुझं आतलं बघ.” असं सासू-सुनेचं बरं चाललं होतं. कवठातली कोंबडी कशी करायची हे तर नागाबाईनं पोटच्या लेकीलाही सांगितलं नव्हतं. गीतांजली विचारायची तेव्हा, लग्न झाल्यावर सांगते. लग्न झाल्यावर विचारलं तर, आधी बाळंतपण होऊ दे.

“मग हिला कुणी सांगितलं?” अयोध्याबाईंनी पिशवी खाली ठेवत विचारलं.

गीतांजलीनं पिशवी उचलून आत नेली. इतके दिवस तिला याच गोष्टीचा राग येत होता. आईनं आपल्याला डावलून सुनेला शिकवलं, असं तिनं धरलंच होतं. पण आज सकाळी परसात जे झालं त्यानंतर तिचा राग गेला होता, आणि त्याच्या जागी जे आलं होतं ते ती आत्याला सांगणार नव्हती.

परसात कवठीचं झाड होतं. भूकंपानंतर आण्णांनी डोक्यावर स्लॅब घ्यायला कायमचा नकार दिला, त्यामुळं घर पत्र्याचं, आणि त्या पत्र्यावर दर माघ-फाल्गुनात कवठं आदळायची. पाहुणे दचकायचे, घरचे हसायचे. अयोध्याबाई मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा स्वप्नाली झाडाखाली उभी होती, पदराची झोळी धरून. नुसती उभी होती. मग वर कुठंतरी देठ सुटला, पत्र्याच्या कडेवर धाड् झालं आणि कवठ घरंगळत बरोबर त्या झोळीत आलं.

“आत्या, कधी आलात?” ती हसून म्हणाली. पाया पडली. पोर होती तशीच होती, गोरी, बारीक, दंडावर नागाबाईसारखं गोंदण नाही, नाकात चमकी. अयोध्याबाईंना हायसं वाटलं.

मग तिनं ते कवठ कमरेइतक्या उंचीवरून जमिनीवर सोडलं. ते बद्दकन पडलं आणि जागीच राहिलं. त्याच्या आधीचं एक कवठ चुलीशेजारी बाजूला ठेवलेलं होतं, ते बहुधा उडालं असावं. कच्चं कवठ चेंडूसारखं उडतं, पिकलेलं बसून राहतं. हे कुणालाही माहीत असतं, अयोध्याबाईंनी स्वतःला समजावलं.

पण पुढचं कुणालाही माहीत नव्हतं. सकाळचं संपलं होतं, आता तव्यावर संध्याकाळची कोंबडी पाण्याचा थेंब न घालता परतत होती, कांदा-खोबरं आणि काळं तिखट तिला चांगलं धरलं होतं. स्वप्नालीनं कवठ फोडलं, गर काढून हातानं कुस्करला, आणि रिकामी अर्धी कवटी थेट निखाऱ्यावर ठेवली. तिच्यात गूळ टाकला. कवटी बाहेरून जळत होती आणि आत गूळ विरघळत होता. तो चरचरता पाक तिनं तव्याच्या कडेनं गोल फिरवत सोडला, वर गर घातला, पितळी ताटली झाकली. पळी तव्याच्या काठावर दोनदा आपटली.

“बास,” ती म्हणाली.

अयोध्याबाई खालीच बसल्या. नागाबाई चुलीवरून उठताना असंच म्हणायची. दोन ठोके आणि बास. आणि हा कवटीचा प्रकार त्यांनी फक्त एकदा बघितला होता, बालाजीच्या लग्नानंतर पहिल्याच वर्षी, कुडाच्या फटीतून. पुढं कधी कुणापाशी त्या बोलल्या नव्हत्या.

“सुनबाई, हे तुला कुणी शिकवलं?”

“कुणी नाही, आत्या.”

“मग?”

“हात जातात,” स्वप्नाली म्हणाली आणि आपल्या हातांकडं बघत राहिली.

“आणि गळ्यातलं लिंग कुठंय तुझं?”

स्वप्नालीचा हात गळ्याकडं गेला. तिथं फक्त मंगळसूत्र होतं. “ह्या चुलीला शिवायचं म्हणून त्या दिवशी काढून खुंटीला लावलं,” ती हळूच म्हणाली. “परत घालायचं राहूनच जातंय.”

तिला भीती वाटत होती. ती कुणाला सांगावी हे तिला कळत नव्हतं, कारण घरातले सगळे इतके खुश होते. सासऱ्याच्या अंगावर मूठभर मांस आलं होतं. नवरा कौतुकानं बघत होता. ज्या घरानं तिला परकी म्हणून कधी टोचलं नाही, त्या घराच्या उपयोगाला आपण आलो, यात तिलाही सुख होतं. पण रोज संध्याकाळी उदगीरहून तिच्या अव्वाचा, आईचा, फोन यायचा. अव्वा कानडीत एवढंच विचारायची, “ऊटा आतेनवा?” जेवलीस का, बाई. लहानपणापासून ऐकलेले शब्द. परवा ते कानात शिरले आणि त्यांचा अर्थच लागला नाही. काल तिनं फोन उचललाच नाही.

संध्याकाळी आण्णा देवळाकडं गेल्यावर पुढच्या खोलीत तिघं बसले. व्यंकट, गीतांजली आणि आत्या. स्वप्नाली आत भाकरी थापत होती, आणि भाकरीचा आवाजसुद्धा नागाबाईच्या हाताचा येतोय हे तिघंही ऐकत होते.

“नागाबाईला नांदेडला नेलं त्या दिवशी इथं कोण कोण हुतं?” अयोध्याबाईंनी विचारलं.

“मी, आण्णा आणि स्वप्ना,” व्यंकट म्हणाला. “जीप दारात हुती. आईला श्वास पुरत नव्हता, तरी उंबऱ्यात थांबली. स्वप्नाचे हात पिठात हुते. आई म्हणाली, येते गं.”

“मग ही काय म्हणाली?”

“काय म्हणणार? या आई, म्हणाली. लवकर या, मी वाट बघते.”

अयोध्याबाईंनी डोळे मिटले. त्यात सुनेची काही चूक नव्हती. घरातून निघताना जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं, आणि मागं राहणाऱ्यानं या म्हणायचं, हे तर तिला नागाबाईनंच शिकवलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघाली तेव्हा गाडीच्या घाईत पोरगी “जाते मी” बोलून गेली होती. नागाबाईनं तिला बोळातून परत बोलावलं, पाटावर बसवलं, पाणी पाजलं आणि “येते” वदवून घेतलं, तेव्हा कुठं सोडलं. गाडी चुकली ती चुकलीच. त्यावरून व्यंकटनं दोघींना वर्षभर चिडवलं होतं.

“आन मग ती आलीच न्हाई घरी,” आत्या म्हणाल्या.

ती आली नव्हती. नांदेडला तिसऱ्या दिवशी तिचा जीव गेला, आणि त्याच रात्री पुरानं रस्ते तोडले. चारी बाजूंनी पाणी. शेवटी गोदावरीच्या काठी नांदेडलाच तिला अग्नी दिला, जावयाच्या ओळखीच्या चार माणसांत. या घराच्या उंबऱ्याला तिचं निघणं तेवढं माहीत होतं.

“ती बोलल्यापरमाणं आली,” अयोध्याबाई म्हणाल्या. “शब्दाची पक्की हुती. हिनं या म्हणलं, ती आली. वाट बघते म्हणलं, तर हिच्यातच आली. आता तिला वाटंला लावायला पायजे. उंबऱ्यावर भाकर ठिवायची आन जा म्हणायचं. या न्हाई. जा.”

“आईला? जा म्हणायचं?” गीतांजली एकदम उसळली. “कुत्र्याला म्हणावं तसं?”

“पोरी, सुनेचं काय हुईल ते बघ की.”

“काय हून राहिलंय तिला? चांगली तर हाय. आण्णा जेवून राहिले, ते न्हाई का दिसत कुणाला? थोडे दिवस राहू दे ना आईला. माझं…” ती थांबली. मग तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती रडायला लागली. “सकाळी मी वहिनीला सहज विचारलं, गूळ किती घातलास? तर चुलीकडं तोंड करून म्हणाली, सांगते की गीते, आधी बाळंतपण हू दे. मला तिसरा महिना लागलाय, आत्या. दहा वर्षांनी. मी अजून नवऱ्यालाबी सांगितलं न्हाई. आईला कळलं. मला माझी आई पायजे बाळंतपणाला.”

आत्यांनी भाचीला जवळ घेतलं.

“तू बोल की रे,” त्या व्यंकटला म्हणाल्या. “बायको तुझी हाय.”

व्यंकट खाली बघत होता. तो वाईट माणूस नव्हता. पण आईच्या हातची चव परत मिळाली तेव्हा त्यानंही वाटी चाटून पुसली होती, दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं, आणि बायको कुठल्या हातांनी रांधतेय हे त्याला पहिल्याच घासाला कळलं होतं. “आण्णांना विचारू,” एवढंच तो म्हणाला.

स्वप्नालीला विचारावं हे तिघांपैकी कुणालाच सुचलं नाही.

दिवेलागणीला पंगत बसली. कवठातली कोंबडी तव्यासकट मध्ये आली. वर गुळाची तांबूस साय, कडेला तेल सुटलेलं, आणि घास घेतला की आधी गोड लागायचं, मग जिभेच्या कडा आंबटानं ओढल्या जायच्या, आणि तिखट पार शेवटी यायचं. आण्णा मान खाली घालून जेवत होते. तोंडावर समाधान होतं. त्या समाधानात त्यांनी मान वर न करताच म्हटलं,

“नागा, तू बी बस की.”

“तुमचं होऊ द्या आधी,” स्वप्नाली म्हणाली.

जन्मभर हीच दोन वाक्यं या घरात रोज बोलली गेली होती. आण्णांना तर आपण काही वेगळं बोललो असं वाटलंही नाही. अयोध्याबाईंनी घास ताटात ठेवला.

“सुनबाई,” त्यांनी आवाज शक्य तितका सहज ठेवून विचारलं, “तुझ्या आईचं नाव काय गं?”

“काय आत्या, थट्टा करताय,” स्वप्नाली हसली. “माझ्या आईचं नाव…” तिची पळी हवेतच राहिली. “सांगते की. थांबा.” ती आठवत राहिली. वर पत्र्यावर एक कवठ आदळलं, कुणी दचकलं नाही, कुणी हसलं नाही. तिनं कावरंबावरं होऊन नवऱ्याकडं बघितलं. “अहो,” ती म्हणाली, “माझ्या आईचं नाव काय?”

“नीलम्मा,” व्यंकट म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. “स्वप्ना, नीलम्मा नाव हाय.”

“नीलम्मा,” ती म्हणाली. पहिल्यांदाच ऐकल्यासारखी.

आण्णांनी ताट बाजूला सारलं. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनाही पहिल्या दिवसापासून कळलं होतं, आणि कळूनही ते दोन भाकरी जेवले होते, याची त्यांना आता फार लाज वाटली. लोकाची लेक आपल्या भरवशावर आली होती.

“काय करायचं, अयोध्या?” त्यांनी बहिणीला विचारलं.

“उंबऱ्यावर जा म्हणायचं.”

“मी म्हणतो.”

“आण्णा, नका हो,” गीतांजली म्हणाली. पण तिनंही स्वप्नालीचा चेहरा बघितला होता. ती उठली, अर्धी भाकरी घेतली, तव्यातला एक तुकडा तिच्यावर ठेवला आणि रडत रडत स्वतःच ती उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवली. मग आत्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

स्वप्नालीला दोघींनी धरून दारात आणलं. ती मुकाट आली. बाहेर उजेड होता नव्हता तेवढाच होता, आणि बोळातून कुणाच्या तरी गुरांच्या घंटा लांब जात होत्या. आण्णा तिच्यासमोर उभे राहिले. एवढ्या संसारात त्यांनी बायकोला शिव्या दिल्या असतील, पण हा शब्द कधी दिला नव्हता.

“नागा,” ते म्हणाले. “लई केलंस माझं. आता बास झालं. पोरीला सोड. जा आता.”

कुणी हललं नाही.

“जा,” आण्णा पुन्हा म्हणाले, आणि दाराची चौकट धरून खाली बसले.

स्वप्नालीनं एकदा सगळ्यांकडं पाहिलं. व्यंकटकडं जरा जास्त वेळ पाहिलं, काही मागायचं असावं तसं. मग ती अगदी बारीक आवाजात म्हणाली,

“जाते मी.”

तिची मान खाली पडली. अंग सैल झालं, दोघींनी सावरलं म्हणून बरं. क्षणभरानं तिनं मोठा श्वास घेतला आणि पायांवर नीट उभी राहिली.

“गेली,” अयोध्याबाई पुटपुटल्या. “गेली गं बाई माझी भावजय.” आणि इतका वेळ धीराच्या राहिलेल्या त्या बाईनं पदर तोंडाला लावून हंबरडा फोडला. गीतांजली तिच्या गळ्यात पडली. आण्णा उंबऱ्यावर हात ठेवून बसून राहिले. दुःख होतंच, पण सगळ्यांच्या छातीवरचा दगड उतरला होता, आणि व्यंकट तर धावतच आत गेला. खुंटीवरचं चांदीच्या डबीतलं लिंग दोऱ्यासकट घेऊन आला. तिच्या गळ्यात ते आपल्या हातानं घालायचं आणि लगेच उदगीरला फोन लावून द्यायचा, असं त्यानं ठरवलं होतं.

ती दारात नव्हती. ती पंगतीत जाऊन बसली होती, मांडी घालून, तव्यासमोर. आण्णांचं उष्टं ताट तिनं पुढं ओढलं होतं. तव्यातला मानेचा तुकडा उचलून तिनं दाढेखाली धरला, हाड कडकन फुटलं, आणि आतला रस तिनं चवीनं ओढून घेतला.

“मीठ जरा कमी झालंय,” ती म्हणाली. मग तिनं वर बघितलं आणि व्यंकटच्या हातातली डबी तिला दिसली.

“व्यंक्या,” ती म्हणाली, “स्वप्नालीचं हाय की ते. आन ती कुठंय?” तिनं दाराकडं पाहिलं, उंबऱ्यावर बसलेल्या आण्णांकडं पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले. “जाते म्हणून गेली का रे पोरगी? कितींदा सांगितलं तिला मी. येते म्हणावं.”